कॉर्न स्नेकच्या पिल्लांचे रंग: हिशेब आधी, जोडी नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉर्न स्नेक हा बिनविषारी अमेरिकन साप आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटपुरता राहिलेला नाही. कोकणपट्टीतल्या गावांतही तो हौसेने पाळला जातो, आणि नर-मादी दोन्ही घरात असली की पैदाशीचा विचार आपोआप सुरू होतो. पहिला प्रश्न एकच असतो: पिल्ले कोणत्या रंगाची निघणार? विकणारे आणि हौशी पाळणारे त्याची जी उत्तरे देतात, त्यांतली बरीच चुकीची असतात. लाल आणि करडा साप जोडला की मधला रंग निघतो, पांढऱ्याला पांढरा लावला की सगळी पिल्ले पांढरी, आणि ‘हेट’ म्हणजे रंग लपून असलेली जोडी घेतली की सोळा अंड्यांत एक स्नो, म्हणजे पांढरे पिल्लू, ठरलेलेच. या समजुतींपायी पैसा जातो. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना घर मिळण्याची खात्री नाही अशी पंधरा-वीस पिल्ले जन्माला येतात. रंगाचा हिशेब कागदावर करता येतो, त्याला शाळेतल्या विज्ञानाहून जास्त काही लागत नाही, आणि तो नर-मादी एकत्र सोडण्याआधीच करायचा असतो. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

आधी रंग कशाचे बनतात ते पाहू. रानातल्या मूळ रूपाला पाळणारे ‘नॉर्मल’ म्हणतात: नारिंगी-तपकिरी अंग, त्यावर मोठे लाल डाग, डागांना काळी किनार आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. काळा रंग मेलॅनिनचा. लाल आणि पिवळा वेगळ्या पेशींतल्या रंगद्रव्यांचा. मेलॅनिन बनतच नसेल तर काळी किनार नाहीशी होते, डोळे गुलाबी-लाल होतात आणि साप लाल, नारिंगी, पांढरा दिसतो. हा एमेल. लाल रंग नसेल तर उरतो काळा-करडा साप, तो एनेरी. दोन्ही नसतील तर गुलाबीसर पांढरा साप मिळतो, त्याला स्नो म्हणतात. म्हणजे स्नो नावाचे वेगळे जनुक नाही. एमेल आणि एनेरी एकाच सापात जमून आले की त्याला आपण स्नो म्हणतो. एवढे नीट ध्यानात आले तरी अर्धा गोंधळ मिटतो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती सापात असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एमेल, एनेरी आणि हायपो, चारकोल, कॅरॅमल, लॅव्हेंडर ही आणखी काही रंगरूपे, हे सगळे अप्रभावी गुण आहेत: दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच ते दिसतात. एकच प्रत बदललेली असेल तर साप दिसायला नॉर्मल राहतो, पण ती प्रत पुढच्या पिढीला देऊ शकतो. हाच ‘हेट’. एमेल अप्रभावी आहे हे बर्नार्ड बेक्टेल या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष पैदास करून दाखवले होते. पुढे २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचे कारण शोधले: ओसीए-२ या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो. २०२० मध्ये त्याच विद्यापीठातून लॅव्हेंडरचे मूळ एलवायएसटी या जनुकात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा हा हौशी लोकांचा अंदाजपंचे खेळ नाही, पक्क्या पायावरचे शास्त्र आहे.

कोकणी माणसाला यातली मुख्य गोष्ट लवकर कळावी. हापूसचे कलम बांधले की झाड हापूसचेच होते, पण हापूसची कोय रुजवली तर हापूसच येईल याची हमी कोणी बागायतदार देत नाही. सापाला कलम नाही. प्रत्येक अंडे ही कोय आहे.

एका गुणाचा हिशेब सोपा आहे. एमेल नराला अशी नॉर्मल मादी लावली की जिच्यात एमेलची प्रत लपलेली नाही, तर सगळी पिल्ले दिसायला नॉर्मल आणि सगळी एमेलची हेट. सुंदर लाल-पांढरा नर आणूनही पहिल्या खेपेत एकही लाल-पांढरे पिल्लू निघत नाही, ते यामुळे. एमेलला हेट जोडली तर निम्मी एमेल, निम्मी हेट. हेटला हेट जोडली तर चारात एक एमेल, चारात दोन हेट, चारात एक पूर्ण नॉर्मल. या शेवटच्या जोडीत नॉर्मल दिसणारी तीन चतुर्थांश पिल्ले असतात आणि त्यांतली दोन तृतीयांश हेट असतात, पण कोणती ते नुसते बघून सांगता येत नाही. म्हणून त्या प्रत्येकाला ‘६६ टक्के हेट’ म्हणायचे. याचा अर्थ त्या पिल्लात ६६ टक्के एमेलपणा आहे असा होत नाही. ते पिल्लू एकतर हेट आहे किंवा नाही. ६६ टक्के ही आपल्या अंदाजाची ताकद. हेटला नॉर्मल जोडली की तोच अंदाज ५० टक्क्यांवर येतो.

दोन-तीन गुण एकत्र आले की लोक मोठमोठे चौकोन आखत बसतात. दोन गुणांना सोळा घरे, तीन गुणांना चौसष्ट. त्याची गरज नाही. प्रत्येक गुणाचा हिशेब वेगळा करा आणि अपूर्णांकांचा गुणाकार करा. समजा नर मोटली (पाठीच्या नक्षीचा एक अप्रभावी गुण) आहे आणि एमेल व एनेरीचा हेट आहे. मादी एमेल आहे आणि मोटली व एनेरीची हेट आहे. मोटली निघण्याची शक्यता एक द्वितीयांश. एमेलची एक द्वितीयांश. एनेरी दोघांत हेट, म्हणून एक चतुर्थांश. स्नो मोटली हवे असेल तर तिन्ही लागणार: अर्धा गुणिले अर्धा गुणिले पाव, म्हणजे सोळात एक. एमेल मोटली पण एनेरी नाही, असे हवे असेल तर शेवटच्या पावाऐवजी पाऊण घ्यायचा: सोळात तीन. ही रीत कितीही गुणांना चालते, अट एवढीच की ती जनुके एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढे जाणारी हवीत.

आता लाल आणि करड्याची गोष्ट. एमेलला एनेरी लावली तर मधला रंग निघत नाही. एमेल आईकडे एनेरीच्या दोन्ही प्रती साध्या, एनेरी बापाकडे एमेलच्या दोन्ही प्रती साध्या. प्रत्येक पिल्लाला दोन्ही गुणांची एकेक साधी प्रत मिळते आणि सगळी पिल्ले नॉर्मल निघतात, दोन्हींची हेट म्हणून. पांढऱ्याला पांढऱ्याची गोष्ट याहून मजेची आहे. स्नो म्हणजे एमेल अधिक एनेरी. ब्लिझर्ड म्हणजे एमेल अधिक चारकोल. दोन्ही साप पांढरे. पण एनेरी आणि चारकोल ही वेगळी जनुके, त्यामुळे स्नो आणि ब्लिझर्डची पिल्ले सगळी एमेल, म्हणजे लाल-नारिंगी निघतात. एमेल अधिक लॅव्हेंडर असलेला ओपलही मोठेपणी पांढुरकाच दिसतो आणि स्नोबरोबर त्याचेही असेच होते. म्हणून पांढरा साप घेताना तो कुठला पांढरा हे विचारून घेतल्याशिवाय पुढचा हिशेबच होत नाही.

सगळ्यात जास्त निराशा ‘सोळात एक’ या शब्दांनी होते. एमेल-एनेरी दोन्हींची हेट असलेली जोडी लावली की सोळा पिल्लांत नऊ नॉर्मल, तीन एमेल, तीन एनेरी, एक स्नो हे प्रमाण पुस्तकात बरोबर आहे. पण प्रत्येक अंड्याचा फासा वेगळा पडतो. आधीच्या पंधरा अंड्यांत स्नो नव्हता म्हणून सोळाव्यात तो येत नाही. एका अंड्यात स्नो नसण्याची शक्यता सोळात पंधरा. ती सोळा वेळा गुणली की ०.३६ येते. म्हणजे सोळा सुदृढ अंडी असूनही एकही स्नो न निघण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के आहे. ९५ टक्के खात्रीने निदान एक स्नो हवा असेल तर ४७ अंडी लागतात, म्हणजे साधारण तीन खेपा. त्याउलट स्नोला तीच दुहेरी हेट मादी लावली तर प्रत्येक अंड्याला चारात एक संधी मिळते आणि सोळा अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता अवघी एक टक्का उरते. यावरून माझे स्पष्ट मत आहे की एकच रंग हवा असेल तर हेट-हेट जोडी लावू नये. एक साप तरी तो रंग प्रत्यक्ष दाखवणारा घ्यावा. त्याला पैसे जास्त पडतात, पण बेचाळीस-पंचेचाळीस नको असलेली पिल्ले वाढवण्यापेक्षा ते फार स्वस्त आहे.

आता ज्या गुणांना वरचा साधा नियम तसाच लागू होत नाही ते. मोटली आणि स्ट्राइप हे नक्षीचे दोन प्रकार एकाच जनुकाची दोन रूपे आहेत. मोटलीत पाठीचे डाग एकमेकांना जुळून मध्ये गोल ठिपके उरतात. स्ट्राइपमध्ये लांब रेघा. दोन्हींत पोटावरच्या चौकटी नसतात, ती या गुणांची सोपी खूण. एक प्रत मोटलीची आणि एक स्ट्राइपची असली की साप मोटलीसारखा दिसतो, कधी ठिपके लांबट होतात. तेव्हा मोटलीला स्ट्राइप लावली तर पिल्ले नॉर्मल नक्षीची निघत नाहीत, सगळी मोटलीसारखी निघतात. अशा दोन सापांची जोडी लावली तर चारात एक शुद्ध मोटली, चारात दोन मिश्र, चारात एक स्ट्राइप. नॉर्मल नक्षीचे एखादे जरी पिल्लू निघाले तर आईबापांपैकी कोणाची तरी ओळख चुकली आहे किंवा बाप दुसराच आहे, असे समजावे.

तसेच अल्ट्रा आणि एमेलचे. दोन्ही एकाच जागेची रूपे आहेत. एकेक प्रत मिळाली की अल्ट्रामेल होतो: काळा रंग पूर्ण जात नाही, फिकट होतो, आणि डोळे उजेडात गडद माणकासारखे लालसर दिसतात. अल्ट्रामेलला अल्ट्रामेल जोडली तर चारात एक एमेल, दोन अल्ट्रामेल, एक अल्ट्रा. अल्ट्रामेलला एमेल जोडली तर निम्मी-निम्मी. पण अल्ट्रामेलला नॉर्मल जोडली की सगळी पिल्ले नॉर्मल दिसतात, त्यांतली निम्मी एमेलची हेट आणि निम्मी अल्ट्राची, आणि कोणते कोणाचे हे कळत नाही. अशा पिल्लांना सरसकट ‘एमेल हेट’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मग ती अज्ञानातून का झालेली असेना.

टेसेरा हा प्रभावी गुण आहे: पाठीवर सलग पट्टा, बाजूला तुटक नक्षी. एक प्रत पुरते. टेसेराला नॉर्मल लावली की निम्मी टेसेरा. एकेक प्रत असलेले दोन टेसेरा जोडले की चारात तीन टेसेरा, आणि त्या तिघांतल्या एकात दोन प्रती. प्रभावी गुण लपून राहत नाही, म्हणून नॉर्मल दिसणारे पिल्लू ‘टेसेरा हेट’ म्हणून कोणी दाखवले तर तिथून उठून यावे.

काही नावे हिशेबात बसतच नाहीत. ओकिटी हे नाव अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनामधल्या एका भागातल्या सापांवरून पडले. ठसठशीत लाल डाग आणि जाड काळी किनार ही त्याची ओळख. ते एका जनुकाचे काम नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती किनार जाड केलेली आहे. एमेलमधले पांढरा भाग जास्त असलेले कँडीकेन हेही निवडीचेच फळ. अशा सापाला साधा नॉर्मल लावला की पिल्लांत किनार कमी-जास्त, मधलीअधली येते. इथे मात्र ‘मधले काहीतरी’ हे उत्तर बरोबर ठरते आणि अपूर्णांक उपयोगाचे नाहीत. ‘ओकिटी हेट’ असा प्रकार अस्तित्वात नाही.

कागदावरचे उत्तर आणि टबातली पिल्ले जुळत नाहीत तेव्हा दोष बहुतेक वेळा ओळखीचा असतो. अंड्यातून बाहेर आल्या दिवशी खात्रीने सांगता येतात ते डोळे: गुलाबी डोळे असतील तर मेलॅनिन नाही, म्हणजे एमेल किंवा त्याचे स्नोसारखे मिश्रण. पण करडी पिल्ले फसवतात. एनेरी, चारकोल, लॅव्हेंडर आणि कॅरॅमल ही चारही पहिल्या दिवसांत करडी-तपकिरीच दिसू शकतात. कॅरॅमलचा पिवळा रंग चढायला काही महिने जातात. एनेरीच्या गळ्याजवळ वाढत्या वयात पिवळेपणा येतो, चारकोलमध्ये तो सहसा येत नाही. हायपो तर पहिली कात टाकल्यावर भावंडांच्या शेजारी ठेवून पाहावा लागतो. म्हणून जन्माच्या दिवशी वहीत ‘करडे, डोळे काळे, पोटावर चौकटी’ असे जे दिसते तेच लिहावे आणि नाव तिसऱ्या-चौथ्या कातेनंतर द्यावे. पोट जरूर तपासावे. वरून नक्षी संशयास्पद असली तरी पोट खरे सांगते. मात्र डिफ्यूज्ड नावाच्या नक्षीच्या प्रकारातही पोट कोरे असते, तेवढे लक्षात ठेवावे.

एक गुण दुसऱ्याला झाकतो हेही ध्यानात हवे. हायपोचे काम मेलॅनिन कमी करण्याचे. एमेलमध्ये मेलॅनिन नाहीच, तर कमी काय होणार? त्यामुळे एमेल पिल्लू हायपोसुद्धा आहे की नाही हे डोळ्यांनी जवळपास कळत नाही. गुणाकाराने शक्यता सांगता येते, पण पिल्लावर बोट ठेवून ‘हा तो’ म्हणता येत नाही. एमेलच्या जाहिरातीत हायपोची किंमत धरलेली असेल तर आईबापांची नोंद मागावी.

दुसरा दोष बापाच्या ओळखीचा. कॉर्न स्नेकची मादी नराचे शुक्रजंतू शरीरात साठवून ठेवू शकते. एकदा नर लागल्यावर ती त्याच हंगामात दुसरी फलित खेपही देऊ शकते. एका हंगामात दोन नर लावले, किंवा आधीच्या मालकाकडे नर लागलेला होता हे माहीत नसले, तर सगळा हिशेब कोलमडतो. एका मादीला एका हंगामात एकच नर, आणि मोठी मादी विकत घेतली असेल तर तिच्या पहिल्या खेपेच्या बापाबद्दल ठाम विधान करू नये.

तिसरा दोष आपल्या हवेचा आहे आणि तो कोकणात विशेष. जोड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, अंडी एप्रिल-मेमध्ये येतात, पिल्ले साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी निघतात. अंड्यांना २७ ते २९ अंश सेल्सिअस हवे. थंड देशांतली पुस्तके उष्णता कशी द्यायची ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी पारा सहज ३३-३४ वर जातो. जास्त तापमानात पाठीचा कणा वाकडा झालेली पिल्ले निघतात किंवा अंड्यातच मरतात, आणि तापमान वरखाली होत राहिले की नक्षीही बिघडते: डाग जुळतात, अर्धवट रेघा पडतात. असे पिल्लू पाहून ‘नवीन मॉर्फ’, म्हणजे रंग-नक्षीचा नवा प्रकार, सापडला असे वाटते, पण ती नक्षी पुढच्या पिढीत जात नाही. अंडी जाड थर्माकोलच्या डब्यात, घरातल्या सर्वांत गार जागी, जमिनीलगत ठेवावीत. बाजूला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावरही तापमान लगेच हलत नाही. थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर हवा, झाकणाला नको. अंड्यांखाली घालायचे व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे भुसभुशीत खनिज) आणि पाणी वजनाने समान घेण्याची पद्धत आहे. जूनच्या दमट हवेत पाणी थोडे कमीच बरे. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. अंडी मिळाल्या स्थितीतच ठेवावीत, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करावी, फिरवू नयेत. तापमानाने नर-मादी ठरत नाही. ते गुणसूत्रांवर ठरते, म्हणून त्यासाठी डब्याशी खेळू नये.

रंगासाठी भावाबहिणीची जोडी लावण्याची चाल आहे, कारण लपलेला रंग त्यातून लवकर बाहेर येतो. त्याच वाटेने लपलेला रोगही बाहेर येतो. सनकिस्ड या मॉर्फच्या काही घराण्यांत स्टारगेझर नावाचा अप्रभावी दोष आहे. दोन्ही प्रती मिळालेले पिल्लू डोके वर वळवते, तोल जाऊन उलटे पडते, त्याला सरळ सरपटता येत नाही. हेटमध्ये यातले काहीच दिसत नाही. सनकिस्डची जोडी लावायची असेल तर त्या घराण्याची या दोषासाठी तपासणी झाल्याचे ठाऊक असल्याशिवाय लावू नये. काही मॉर्फ आणि दोषांसाठी कातेवरून डीएनए चाचणी परदेशात होऊ लागली आहे. ती हाताशी नसेल तर निदान सख्खी भावंडे जोडू नयेत. मादीही तयार हवी: तीन वर्षांची, तीन फुटांची, निदान ३०० ग्रॅमची. लहान मादीला अंडी अडकतात आणि ती जाते.

‘हेट’ खरा की खोटा हे तपासण्याची जुनी रीत म्हणजे चाचणी जोडी. ६६ टक्के हेट म्हणून घेतलेल्या सापाला तो रंग प्रत्यक्ष दाखवणारा साप लावायचा. एक जरी पिल्लू त्या रंगाचे निघाले तर हेट सिद्ध. सहा पिल्ले निघाली आणि सगळी नॉर्मल असतील तर तो हेट असण्याची शक्यता तीन टक्क्यांवर येते. दहा नॉर्मल निघाली तर अर्ध्या टक्क्याहूनही खाली. हीच चाचणी दुसऱ्या हेटबरोबर केली तर दहा नॉर्मल पिल्लांनंतरही दहा टक्के शंका राहते. म्हणून दोन संशयित हेट एकमेकांना लावून काहीच सिद्ध होत नाही. आणि केवळ तपासणीसाठी पिल्ले काढायची तर ती कुठे जाणार, हे आधी ठरलेले हवे.

हा मुद्दा आपल्या भागात जास्त गंभीर आहे. नुकतेच निघालेले फूटभर पिल्लू टबाच्या झाकणाच्या बारीक फटीतून निसटते. कॉर्न स्नेक कॅरिबियन बेटांवर माणसाच्या हातून पोचला आणि तिथे रुजला. कोकणातली ऊब, ओल आणि उंदीर त्याला अडवणार नाहीत. पिल्ले जास्त झाली म्हणून ती बागेत सोडणे हा गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे. शिवाय लालसर डागांचे हे छोटे साप हाताळून सवयीचे झालेले मूल उद्या चिऱ्याच्या गडग्याजवळ फुरसे दिसले तर हात पुढे करेल, ही भीती रत्नागिरी-सिंधुदुर्गात कल्पनेतली नाही. मुलांना घरातला साप हातात देण्याआधी फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग यांची चित्रे दाखवा आणि रानातल्या कुठल्याच सापाला हात लावायचा नाही हे पक्के करा. पाळलेला साप हरवला तर शेजाऱ्यांना लाजत न बसता कळवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि नक्षी जवळची वाटते म्हणून रानातला तस्कर जातीचा साप पकडून जोडी लावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तो साप पकडणे आणि ठेवणे हाच अपराध आहे.

पैदास करणाऱ्याने प्रत्येक पिल्लासोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर आईबापांचे मॉर्फ आणि त्यांचे सिद्ध झालेले हेट, जोडी लावल्याची आणि अंडी निघाल्याची तारीख, खेपेत एकूण किती पिल्ले निघाली आणि कोणत्या रंगाची किती, आणि त्या पिल्लाच्या प्रत्येक हेटपुढे १००, ६६ की ५० टक्के हे स्पष्ट लिहिलेले असावे. खेपेतला रंगांचा आकडा महत्त्वाचा, कारण त्यावरून घेणारा स्वतः हिशेब करून आईबापांबद्दलचा दावा तपासू शकतो. अशी चिठ्ठी नसेल तर पिल्लू कितीही देखणे असले तरी हेटचे पैसे देऊ नयेत. जे दिसते तेवढ्याचीच किंमत द्यावी.

आपला,
एक वाचक,
रत्नागिरी